चंपाषष्ठीपर्यंतचं वांगं

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या घरातलं हीटिंग माणसांसाठी नसून वांग्यांसाठी आहे, असं त्या वर्षी नवरा सगळ्यांना सांगत फिरायचा. ते फारसं खोटंही नव्हतं.

आईने माहेरच्या काटेरी वांग्याचं बी रुमालाच्या गाठीत बांधून दिलं होतं. पणजीपासून घरी धरलेलं, आता चिमूटभर उरलेलं. अर्धं तिने ठेवलं, अर्धं मला दिलं. इथल्या सुपरमार्केटातली ती दुधीएवढी, गुळगुळीत वांगी पाहिली की माझं डोकं फिरायचं. त्यांत मसाला भरायचा तरी कुठे? मला आईच्या बियाचं एक भरलं वांगं खायचं होतं, बस्स.

फेब्रुवारीत बी पेरून कुंड्या बॉयलरच्या उबदार कपाटात ठेवल्या, तिथले टॉवेल बाहेर आले. मग रोपं रेडिएटरवरच्या खिडकीत गेली. मे महिन्यात ती दिवसा बागेत असायची आणि संध्याकाळी घरात. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून सांगितलं, इथे टोमॅटोसुद्धा कुरकुरत पिकतात. मी गोड हसले आणि त्यांना दाखवून द्यायचंच असं ठरवलं.

सप्टेंबरात सहा झाडांत मिळून एक वांगं धरलं. जांभळं, पांढऱ्या रेघांचं, देठाला काटे. मी दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला कालवून ठेवला आणि फुशारकी मारायला आईला फोन लावला.

"चातुर्मास चाललाय," आई म्हणाली. "चंपाषष्ठीपर्यंत वांगं खायचं नसतं. राहू दे झाडावर."

मी वैतागले. आजी गेल्यापासून हा नियम आमच्याकडे कुणी पाळला नव्हता. भर श्रावणात आई स्वतः वांगीभात करायची. पण देवाचं नाव निघालं की मी शेपूट घालते. कात्री ठेवून दिली आणि मसाला बटाट्यांत भरला.

पुढे ते झाड हॉलमध्ये टीव्हीशेजारी राहिलं. वांगं फुगलं, पिवळं पडलं, कडक झालं. चंपाषष्ठीला कापलं तर आत नुसतं बी. खाण्याजोगा घासभरही गर नव्हता. मी तणतणत आईला फोन केला.

बी किती निघालं, ते तिने आधी विचारलं. मग म्हणाली की तिच्याकडचं अर्धं बी जूनमध्येच पेरलं होतं, त्यातलं एकही उगवलं नाही.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"बी धर म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस? खाऊन मोकळी झाली असतीस. म्हणून देवाला मध्ये घातलं."

खरंच होतं ते. मला लाज वाटली, मग हसू आलं आणि डोळेही भरले. अर्धं बी वाळवून त्याच रुमालात बांधलं आणि आईला पाठवलं.

पुढच्या श्रावणात आईचा फोन आला. परसात वांगी धरली होती, आणि पहिलं भरलं वांगं खाऊन ती नुकतीच पानावरून उठली होती.