बुजवलेलं तळघर

नाशिकजवळच्या आमच्या गावी बाबांनी द्राक्षबागेत वाइनसाठी तळघर खणलं, तेव्हा मातीच्या पाट्या मी वाहिल्या. धाकटा भाऊ पुण्यात शिकत होता. बाबा गेल्यावर त्याने मला गुरुग्रामला फोन केला. "ताई, तळघर ढासळलं. बुजवून टाकलं." त्या दिवशी मी खूप रडले.

यंदा ऑफिसातल्या मैत्रिणीने सुट्टीतला व्हिडिओ दाखवला. त्याच तळघरात पिंपांपाशी उभा राहून माझा भाऊ पाहुण्यांना सांगत होता, "हे बाबांनी आणि मी खणलं."

मी लगेच त्याला फोन लावला. "तळघराच्या जागेचं काय केलंस रे?"

"काही नाही गं, रिकामीच पडलीय. उगाच त्रास करून घेऊ नकोस."

व्हिडिओचं मी बोलले नाही. यंदा राखी पाठवली नाही. का, ते त्यानेही विचारलं नाही.