कारण अजून स्पष्ट लिही

हळद शिजवल्याचा वास आला की मला चौथीतली एक मुलगी आठवते. वसमतजवळच्या शाळेत मी मुलांना स्वतःच्या मनानं उत्तरं लिहायला शिकवत होते. उत्तराला कारण हवं आणि ते डोळ्यांनी पाहिलेलं हवं, हा माझा हट्ट. ‘तुला कशाची भीती वाटते?’ या प्रश्नाला तिनं लिहिलं, ‘हळदीच्या कुकरची.’ म्हणजे शेतात वाफेवर हळद शिजवायची ती मोठी लोखंडी टाकी. मी शेरा दिला, ‘कारण?’ दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, ‘तो हलतो.’ “अजून स्पष्ट लिही,” मी म्हणाले. ती हळूच म्हणाली, “बाई, तुमी येऊन बघता का?” “तोंडी नको, वहीत लिही.” तिसऱ्या दिवशी वहीत होतं, ‘हळद लवकर शिजावी म्हणून बाबांनी वाफेची शिट्टी तारेनं आवळली. कुकर थरथरतो. आई त्याच्याजवळच बसते.’ मी ते वर्गाला वाचून दाखवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. खाली लाल शाईनं ‘उत्तम’ लिहीत होते, तेवढ्यात शेताकडून मोठा आवाज आला आणि शाळेचे पत्रे हादरले. सगळी पोरं खिडकीकडे धावली. ती मात्र जागेवर बसून माझ्याकडेच बघत राहिली. त्या ‘उत्तम’मधला ‘म’ आजही अर्धाच आहे. वही न्यायला ती पुन्हा आली नाही.