चोरपुळणीची वाट

तोंडवलीच्या पुढच्या वाडीत राहणाऱ्या रहिमाला आपल्या चालण्याचा गर्व होता, आणि तो फुकाचा नव्हता. बासष्टावं वर्ष चालू होतं, तरी ती गावामागचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढून, पलीकडची घळ उतरून, पाण्याकाठच्या खडकांची खडपं ओलांडून चोरपुळणीवर जायची आणि तिथल्या खडकांना चिकटलेली कालवं काढून आणायची. चोरपुळण म्हणजे दोन कड्यांच्या मध्ये दडलेली वाळूची पट्टी. भरतीला ती निम्मी चोरीला जाते, म्हणून हे नाव. तिथे गाडीरस्ता नाही, फोनला रेंज नाही, आणि रहिमाखेरीज ती वाट चालणारंही कुणी उरलं नव्हतं.

गुलाम, तिचा नवरा, जन्मभर होडी चालवलेला आणि मोजकं बोलणारा माणूस. मागच्या थंडीत तो मालवणच्या बाजारातून एक काठी घेऊन आला. वेताची, रबरी मुठीची. शेजारच्या चार बायका बसल्या असताना त्याने ती रहिमाच्या हातात दिली आणि म्हणाला, "तुझे ढोपर आता वाजतत गो. सड्यावर जाव नको."

गुडघे वाजत होते हे खरं. पण ते चार बायकांत सांगायचं? रहिमाने काठी परसातल्या वालीच्या वेलाला लावली आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं.

मुलगी नाझनीन रत्नागिरीला नर्स, त्यामुळे घरात दोघंच. तिसरी मांजर. सगळा कारभार मग मांजरीमार्फत होऊ लागला.

"मने, जेवण वाडलेला आसा. कोणाक जेवचा तर जेवा."

"मने, आमटीत मीठ कमी आसा."

"मने, मीठ डब्यात आसा, डबो फळीवर आसा, आणि हात अल्लान दोन दिलेले आसत."

प्रत्येक निरोपाला मांजर आशेने वर बघायची आणि दोन्हीकडून तिला काहीतरी मिळायचं. आठ दिवसांत ती चांगली गुबगुबीत झाली.

नवव्या दिवशी चांदाचा तिसरा दिवस होता, म्हणजे सकाळची ओहोटी मोठी. रहिमाने टोपली आणि कालवं फोडायची टोकदार सळई उचलली आणि मांजरीलाही न सांगता निघाली.

सड्यावर तिला एक जोडपं दिसलं. ठाण्याहून आलेले विराज आणि ऋता. विराजच्या दोन्ही हातांत घडीच्या काठ्या, पायांत घोट्यापर्यंत बूट, पाठीवरच्या पिशवीतून तोंडाशी आलेली पाण्याची नळी. तो फोन समोर धरून जागच्या जागी गोल फिरत होता.

"आजी, इथे एक बीच आहे ना? कुणालाच माहीत नसलेला?"

"चाची म्हण," रहिमा म्हणाली. "कोणाक म्हायत नाय, तर तुका कोणी सांगल्यान?"

"हे बघा, इथं एक पॉइंट दोन किलोमीटर दाखवतंय. चाळीस मिनिटं."

"ता ठेव खिशात. माझ्या मागसून येवा. हय तर आसा!"

'हय तर आसा' हे आमच्याकडचं अंतर दोन पावलांपासून पार हायवेवरच्या तळेऱ्यापर्यंत कितीही असू शकतं. बिचाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.

रबरी चपला घातलेली रहिमा शेळीसारखी पुढे गेली. विराजची एक काठी कातळाच्या भेगेत अडकली, ती सोडवेपर्यंत करवंदीच्या जाळीने त्याची टोपी काढून घेतली.

"दोन दोन काठ्ये कित्याक रे?" रहिमाने विचारलं. "पाय बरे आसत मां?"

"चाची, यानं गुडघ्यांवर लोड येत नाही."

हा विषय रहिमाला नको होता. घळ उतरताना तिचा उजवा गुडघा दर पावलाला कट्-कट् वाजत होता, आणि तो कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती मोठमोठ्याने बोलत सुटली होती. लग्न, नाझनीनचा जन्म, शेजारणीची सून, सगळं. ऋता हसून हसून दोनदा खाली बसली.

खडपं ओलांडून ती तिघं पुळणीवर आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. वाळूवर कुर्ल्या-खेकड्यांच्या पावलांखेरीज एक ठसा नव्हता. पाणी इतकं नितळ, की तळाचे दगड मोजावेत. विराजने बूट काढले, नळी काढली, फोन बुटात कोंबला आणि तो घोटाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. रहिमाला बरं वाटलं. जणू ती पुळण तिने स्वतःच रात्री धुऊन वाळत घातली होती.

तिने कालवं फोडली. काही टोपलीतल्या डब्यात टाकली, काही वाहून आलेल्या लाकडांवर शिंपल्यासकट भाजून दोघांना दिली. आणि बोलली. आठ दिवस मांजरीशी बोललेल्या बाईला समोर दोन जिवंत, मान डोलावणारी माणसं मिळाली होती. कुणी तिला थांबवलं नाही. समुद्रही थांबला नाही.

तिने मान वळवली तेव्हा परतीची खडपं पाण्याखाली गेली होती.

"चाची, आता?" ऋताने विचारलं.

"आता बसूचा. पाच वाजता वाट मोकळी होतली."

"पण आमचं चेक-आउट अकराला आहे!" विराज म्हणाला.

"अकरा वाजान गेले, बाबा."

तोंडाने ती शांत होती, पण आतून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत भरतीने तिला कधी पकडलं नव्हतं. आता गुलाम काय म्हणेल? तो तर बोलतच नव्हता, आणि न बोलणाऱ्या माणसाने बरोबर ठरावं यासारखी नामुष्की नाही.

साडेबाराच्या सुमाराला कड्याआडून होडी आली. होडीत गुलाम. सकाळी टोपली जागेवर नाही हे त्याने पाहिलं होतं, मनात भरतीचा हिशेब केला होता, अकरापर्यंत किनाऱ्यावर वाट पाहिली होती आणि मग होडी लोटली होती.

होडीत मांजर नव्हती. गुलामने क्षणभर विचार केला आणि विराजकडे पाहिलं.

"त्यांका सांगा, मधी बसा. पाणी उडता."

"त्यांका सांग," रहिमा ऋताला म्हणाली, "खंय बसूचा ता माका कळता."

"काका, चाची म्हणतात की कुठे बसायचं ते त्यांना कळतं," विराजने इमानाने शुद्ध मराठीत पोचवलं.

सगळ्यांत आधी तीच होडीत चढली, मागून ती दोघं, आणि गुलामने होडी वळवली. मग गुलाम विराजलाच सांगू लागला, "लग्न झाल्या वर्षी हिका घेऊन हयच इल्लंय. हिणा वल्हा पाण्यात टाकल्यान. वाहान गेला."

रहिमा ताठ झाली. एक लाट गेली, दुसरी गेली. तिसरीला तिला राहवेना.

"मी? मी टाकलंय? तुमी शिंकलास! होडी हलली नि वल्हा गेला! वर माजी नवी ओढणी मागून घेतलास, शीड करूक!"

"शीड केलंय मां? घराक पोचलंव मां?"

"सांजच्याक पोचलंव! आयेन माका कितक्या बोलल्यान!"

"आयेन माका पण बोलल्यान."

"तुमका बोललीच पायजे होती!"

विराजने निरोप पोचवायला तोंड उघडलं. ऋताने त्याचा दंड धरून त्याला गप्प बसवलं.

दोघांना जेवल्याशिवाय रहिमाने सोडलं नाही. कालवांचं तिखलं आणि तांदळाची भाकरी. चेक-आउट चुकल्याबद्दल विराज पुन्हा काही बोलला नाही, भाकऱ्या मात्र पाच खाल्ल्या. निघताना ऋताने चाचीला मिठी मारली आणि रहिमाने तिला डबाभर कोकमाची सोलं दिली.

दुसऱ्या दिवशी रहिमाचं ढोपर नारळासारखं सुजलं. चार दिवस ती माजघरात पडून, आणि गुलाम मुकाट्याने तेल गरम करून चोळतोय. समाचाराला आलेल्या बायकांनी विचारलं, "सड्यावर गेल्लस म्हणान मां गो?"

"छ्या!" रहिमा म्हणाली. "चालान माका काय एक झाला नाय. ह्यांच्या होडीत चढताना मुरगाळला."

गुलाम तेल चोळत राहिला. "होय," तो म्हणाला. "होडीच उंच आसा माजी."