शेठचा वन्स मोअर

सुरतजवळच्या उधन्याच्या आमच्या कविमंडळाचा एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो. नव्वदीतली गोष्ट. आम्ही सगळे खानदेशी लूम-कामगार. सुट्टीच्या दिवशी भीमदादाच्या खोलीत जमायचं आणि कविता म्हणायच्या. विषय एकच, लूमसाठी धाग्याच्या कांड्या भरणारी लहान लहान पोरं. काय जोश होता राव तेव्हा!

पहिल्याच बैठकीला अध्यक्ष केलं मुकादमाला, म्हणजे कारखान्याच्या शेठकडे चुगली होणार नाही. दादाची कविता ऐकून गडी ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्याच पोरांना दरडावून कामाला बसवतोय. आम्ही म्हटलं, "मुकादम, काल तर रडलात."

"काल सुट्टी होती," तो म्हणाला.

*

एकदा चहा देता देता दादाची बायको, वत्सलावहिनी म्हणाली, "जगाच्या पोरांवर कविता करतस. आपली सुनंदा बी तठेच कांड्या भरस, तिनं काय?"

कुणी कप उचलेना. दादा तडक शेठकडे गेला, मोडक्या हिंदीत पोरीला शाळेत घालायचंय म्हणाला.

"पोरी गई तो तू भी जा," शेठ म्हणाला. "खोली भी खाली कर."

खोली शेठचीच. दादा तसाच परतला, सुनंदा कांड्या भरतच राहिली.

*

गणपतीत आमचा कार्यक्रम. वर्गणी शेठची, म्हणून तो पहिल्या रांगेत. दादा उठला:

"हात चिमुकले, धागा लांब,
शेठ, जरा तू इथेच थांब.
तुझ्या पोराचं दप्तर नवं,
माझ्या पोरीला काय हवं?"

आम्ही पळायला चपला शोधू लागलो. शेठ मात्र खूश होऊन ओरडला, "वन्स मोअर!" मराठी कुठं येत होतं त्याला? दादानं पुन्हा म्हटली, दुप्पट जोरात.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला गुजरातीत अर्थ सांगितला. झालं! कारखान्यात कवितेला बंदी.

*

खरी मजा त्यानंतर. लूमच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे एकमेकांचे ओठ वाचतो. पोरंसुद्धा. दादानं नुसत्या ओठांनी कविता सुरू केली. या लूमवरून त्या लूमवर, तिथून पोरांपर्यंत. शेठ मधोमध उभा! सगळ्यांचे ओठ हलताहेत आणि त्याला काही कळेना. शेवटी चिडून त्यानं मेन स्विचच बंद केला.

सगळं एकदम चिडीचूप. आम्ही मोठे नुसते ओठ हलवत होतो. सुनंदा मात्र खरंच म्हणत होती, गळा फाडून, आपल्या शाळेची स्वतःचीच ओळ.

"शेठ, मनी शाळा कोठे शे?"

शेठनं घाईघाईनं स्विच चालू केला.

एकाही माणसानं लूम सुरू करायचं हॅण्डल ओढलं नाही.