शिंपल्याचा नमुना

"टोपली भाईर ठेव. हितं माणसं बसल्यात," सरपंच म्हणाला आणि त्यानं नाकाला रुमाल लावला.

मी टोपली ग्रामपंचायतीच्या दाराबाहेर ठेवली. मुकाट्यानं ठेवली, हे सांगताना आज माझाच मला राग येतो. आत दोन-तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मला कुणी बस म्हटलं नाही.

आम्ही भोई. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठी आमची चार घरं. नदीतले शिंपले, खेकडे काढायचे आणि बाजारात विकायचे. बाळंतिणीला शिंपल्याचा रस्सा द्यायचा, दूध येतं म्हणून. माझी लेक बाळंतपणाला आली होती. तिला मुलगी होऊन आठच दिवस झाले, आणि वरच्या कारखान्यानं काळं पाणी सोडलं. दुसऱ्या सकाळी शिंपले आपणहून काठाला आलेले, खेकडे दगडांवर चढून बसलेले. सासू म्हणाली, "नदी देतीया तर हात आकडू नगंस." आम्हाला वाटलं, पोरीचा पायगुण. जीव गुदमरला म्हणून ते वर आले, एवढी अक्कल आम्हाला कुठली.

मी एकेकावर टिचकी मारली. टिचकीसरशी मिटला तो जिता, तोच शिजवायचा, ही आमची रीत. सगळे मिटले. माझ्या हातानं लेकीला वाटीभर रस्सा पाजला.

दुपारपर्यंत ओकून ओकून ती अर्धी झाली. ओठ बधिर, बोटांना मुंग्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बाळाला अंगावर पाजू नका.

मी तक्रार केली. म्हणून त्या दिवशी सांगलीच्या प्रदूषण कचेरीतून तपासणीचे साहेब पंचायतीत आले होते. काळं पाणी जाऊन पाच दिवस झालेले. त्यांनी घाटावरून बाटली भरली, उजेडाला धरली.

"पाणी तर स्वच्छ आहे, मावशी."

"सायेब, त्ये पाणी कवाच फुडं ग्येलं. शिंपला पाण्यासंगं फुडं जात न्हाई. जे प्यालाय ते त्याच्या मासात हाय. म्हणून टोपली आणलीया. ह्यो नमुना घ्या."

"शिंपल्याचा नमुना घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही."

सरपंच हसला. त्याचे टँकर त्याच कारखान्यावर चालतात. त्यानं कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलेलं, सडका माल खाल्ल्यानं त्रास झाला, तक्रार मागं घेते. सोबत शाईचा डबा. "तुमी भोई, कायबी खाताय आन् दुसऱ्याच्या नावानं बोंबलताय. कर अंगठा."

मी सातवी शिकले. मला सही येते. कुणी विचारलं नाही.

मी शाईचा डबा बंद केला, बाहेर गेले, टोपली उचलून आणली आणि त्या कागदावर ठेवली. खालून पाणी गळलं. कागद भिजला.

"माल सडका नव्हता," मी म्हणाले. "जिता हुता. इख तुमचं हुतं."

साहेबांनी बॅग उचलली. टोपली तिथंच सोडून गेले.

लेकीची बोटं अजून बधिर आहेत. नात वरच्या दुधावर आहे. मी या नदीचं काही विकत नाही, आता मजुरीला जाते. पण पाणी काळं झालं की नदीत उतरते. कारखान्याच्या नाल्याच्या वरचे शिंपले एका पिशवीत, खालचे दुसऱ्या पिशवीत, बर्फ घालून, एसटीनं साहेबांच्या सांगलीच्या कचेरीत नेते, दोन्हीतला फरक तपासा म्हणून. दोनदा मला परत पाठवलं. तिसऱ्यांदा जाणार आहे. नमुना घेऊन पोच दिल्याशिवाय टेबलासमोरून हलणार नाही.