चकतीला लागली हळद

बल्लारपूरच्या कय्यूम टेलरची शाजिया चंद्रपूरच्या कॉलेजात करते तरी काय, हे मोहल्ल्यात कोणालाच धड सांगता येत नसे. "भट्टीवर काम हाये," एवढंच अब्बा सांगत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, पोरगी बेकरीत लागली. तसं फार चूकही नव्हतं. नखाएवढ्या काचेच्या चकत्यांवर ती भट्टीत झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढवायची. मग रसायनात बुडवून त्या थराला असं तयार करायची, की रक्ताच्या थेंबातलं सिकलसेल रोगाचं हिमोग्लोबिन तेवढं त्यानं धरून ठेवावं. अतिनील दिव्याखाली चकती चमकली की रोग, नाही चमकली की सुटका. पण नुसतं बोट लागलं तरी चकती वाया. नवी नवरी तरी बरी!

दसरा झाला की लगेच तपासणी समिती यायची होती. चकती चालली तर प्रकल्प चालू आणि शाजियाची नोकरीही. नाही तर अब्बांच्या बाजूला बसून काजं-बटनं करायची.

खंडेनवमीला विभागाच्या नंदिनी मॅडमनी भट्टीला हार घातला. इथवर ठीक. तेवढ्यात प्रयोगशाळेचे शिपाई मुखरूभाऊ म्हणाले, "मॅडम, असली हत्यार तं त्या चकत्यांच्या डबीत हाये."

मॅडमनी शाजियाकडे पाहिलं. तिला वाटलं, नाही म्हणावं, तर हिला आपली पूजा चालत नाही असा अर्थ निघायचा. ती गोड हसली आणि, हाय अल्ला, तिनंच आपल्या हातानं डबी उघडून पुढे धरली! एकेका चकतीवर चिमूट चिमूट हळदकुंकू पडलं. संध्याकाळी तिनं जपून धुतलं, पण जोरात चोळावं तर केलेली मेहनतच निघून जाणार. नवा थर चढवायला वेळ कुठला?

समिती आली. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त टाकलं, दिवा लावला आणि चकती झगझगली. टाळ्या पडल्या. शाजियाचं तोंड मात्र उतरलं. चमक निळसर हवी होती, ही पिवळी-हिरवी. हळदच ती! दिव्याखाली हळद अशीच उजळते.

आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण हीच चकती उद्या अहेरीकडच्या आदिवासी गावांत जाणार, कोण्या बुधरीच्या धडधाकट लेकराला रोगी ठरवणार. तिला राहवेना.

"सर, आता साधं पाणी टाकून पाहा. थर बिघडला हाये."

पाण्यालाही सिकलसेल निघाला. समितीनं चहा घेता घेता तिच्या प्रामाणिकपणाचं भरभरून कौतुक केलं आणि प्रकल्प बंद केला.

सगळे गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "हळदीनं झालं ना? तवाच काऊन बोलली नाई? मले तं भेवच वाटत होतं."

"मंग तुमी काऊन नाई थांबल्या?"

"तुझ्यामुळे पूजा टाळली, असं तुले वाटलं असतं तं?"

शाजियाला आधी हसू फुटलं, मग रडू. मॅडमचेही डोळे भरले. मुखरूभाऊ कपबश्या उचलायला आले, दोघींकडे पाहून घाबरलेच.

"बाई, पूजेत काई कमी रायली होती का माह्याकडून?"

दोघी एकदमच म्हणाल्या, "नाई हो भाऊ, पूजा मस्त झाली."