आठ फेऱ्यांचं चाक

हवालदार चाकाला आधी कान लावत, डोळा मागाहून. बाकीचे सायकलवाले चाक फिरवून रिंग कुठं लचकते ते बघतात. हे एकेक तार नखानं छेडत, मान वाकडी करून ऐकत आणि म्हणत, "ही बेसूर हाय." उजवा कान त्यांनी तोफखान्यात घालवला होता, त्यामुळं सगळं ऐकणं डाव्या कानात येऊन राहिलं होतं. उजव्या बाजूनं हाका मारणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा भारीच शिष्ट आहे.

साताऱ्यात एस.टी. स्टँडच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. पंक्चर काढत नसत, घंट्या विकत नसत. फक्त चाकं बांधत. सांगली-साताऱ्याकडच्या जत्रांत सायकलच्या शर्यती लागत, त्यातली निम्मी पोरं त्यांच्या चाकांवर पळायची. नाव कुणाचंच लक्षात ठेवत नसत, गाव ठेवत. मी त्यांच्या लेखी 'पलूस' होतो.

त्या वर्षी मी सांगलीला कॉलेजात होतो आणि पुढं पुण्यात एका सरकारी खात्यातल्या खेळाडू-भरतीची चाचणी होती. वयाची अट बघता माझी ती शेवटची संधी. ती हुकली तर सायकल खुंटीला टांगायची आणि मामाच्या खतांच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलं. माझी जुनी लोखंडी चाकं जड होती. दोन मोसमांच्या बक्षिसांचे पैसे साठवले होते, त्यात चाकांची एकच जोडी बसत होती. म्हणून दिवाळी झाल्यावर मी एस.टी. धरून साताऱ्याला गेलो.

त्यांनी मला आधी शेजारच्या गुळाच्या वखारीत नेऊन ढेपांच्या काट्यावर उभं केलं. "जेवून आलायस का उपाशी?" मी म्हणालो, स्टँडवर दोन वडापाव खाल्ले. "मग अर्धा किलो वजा," असं म्हणून त्यांनी दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहिलं: पलूस, साडेसत्तावन्न. वखारवाला हमालासकट हसला. मग मला बोळात दहा वेळा सायकल चालवायला लावली आणि म्हणाले, "उजव्या पायानं लय दाबतोस रं. मागल्या चाकाला त्या अंगाला जाड तारा घालतो."

मी चाचरत विचारलं, "हवालदार, कंपनीची तयार चाकं घेतली तर?"

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. "घे की. वाईट न्हाईत ती. हलकी हाईत, दिसत्यात बी झ्याक. पर गड्या, ते चाक केलंय कुणासाठी? कुणासाठीच न्हाई. आनि त्यातली चपटी तार घाटात तुटली, तर पलूसच्या बाजारात गावंल का तसली? हातचं चाक कवाबी उसवावं, कवाबी बांधावं." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "ठरीव तूच. म्या सांगून केल्यालं तुज्या पायात येणार न्हाई."

मी ठरवलं. म्हणालो, तुमचीच बांधा. इसार द्यायला गेलो तर हात मागं घेतला. "चाक मुकं झाल्याबिगर पैसा घेत न्हाई."

हा त्यांचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. नवीन बांधलेल्या चाकाच्या तारा वजन पडलं की जागच्या जागी बसतात आणि बसताना टिंग टिंग वाजतात. हवालदार म्हणत, चाक बोलतं. बोलतं चाक गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. त्यासाठी त्यांनी एक जुनी रेसर सायकल ठेवली होती. तिला नवी जोडी लावायची आणि स्वतः चालवत कोरेगावला जाऊन यायचं, रोज सकाळी एक, अशा आठ फेऱ्या. डावा कान चाकाकडं करून ते असे कलून चालवायचे, की कोरेगाव गाडीच्या ड्रायव्हरांना वाटे म्हातारा पेंगतोय. परत आले की चाक पुन्हा ऐकायचं, पुन्हा चावीनं तारा आवळायच्या आणि भिंतीवर एक रेघ ओढायची.

त्या दिवशी हवालदारांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या काकी, चहा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "तू तरी सांग रं बाळा ह्यास्नी. डाक्टरनं सायकल बंद कराय सांगितलीया. छातीत कळ येती, चढ चढू नका म्हनला."

"डाक्टरला एक चाक बांधून दाव म्हनावं," हवालदार म्हणाले. मी हसलो. चहा प्यालो. सांगितलं काहीच नाही, कारण मला चाकं हवी होती.

पुढच्या आठवड्यात सांगलीत एक जण आपली तयार चाकांची जोडी विकायला निघाला. चकचकीत, हलकी, फक्त दोनदा वापरलेली, आणि माझ्याकडच्या पैशांत बरोबर बसणारी. आमच्या ग्रुपातल्या तिघांकडं तसलीच होती. त्यातला एक म्हणाला, "चाचणीला गुळाच्या काट्यावरची चाकं घेऊन जाणार व्हय रं?" सगळे हसले, मीही हसलो. संध्याकाळी जोडी घेऊन आलो.

हवालदारांना कळवायला हवं होतं. दुकानात फोन नव्हता. मी कार्ड लिहिलं: चाकं बांधू नका, मी दुसरी घेतली, माफ करा. तीन ओळी. टपालपेटी आमच्या खोलीसमोरच होती. पण त्यांचं तोंड डोळ्यांपुढं आलं की हात मागं यायचा. वाटलं, कार्ड टाकणं बरं नाही, स्वतःच जाऊन सांगावं. मग वाटलं, रविवारी जाऊ. रविवारी सराव निघाला. ते कार्ड बारा दिवस माझ्या जाकिटाच्या खिशात हिंडलं.

तेराव्या दिवशी गेलो. दुकानाची फळी अर्धी लावलेली होती. वखारवाल्यानंच सांगितलं. चार दिवसांपूर्वी हवालदार सकाळी कोरेगावला गेले. परतीच्या चढावर सायकल रस्त्याकडेच्या चिंचेला नीट टेकवली आणि बुंध्याशी बसले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, दम खातायत. दुपारपर्यंत कुणी हलवून बघितलं नाही.

भिंतीवर 'पलूस, साडेसत्तावन्न' तसंच होतं. त्याखाली पाच रेघा होत्या आणि सहावी काकींनी ओढलेली, वाकडी. "ती फेरी झालीच म्हनायची की," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आतून चाकांची जोडी आणून माझ्या हातात दिली. "दोन ऱ्हायल्या बघ. त्येवढं तू संबाळून घे. परीक्षेला हीच लावून जाशील न्हवं?"

कार्ड खिशात होतं. मी म्हणालो, "व्हय काकी."

चाचणीला मी तयार चाकंच लावून गेलो. हवालदारांची चाकं लावायला माझा हात धजला नाही. तयार चाकं उत्तम चालली, त्यांना उगाच नावं ठेवणार नाही. एक तार तुटली नाही की रिंग हलली नाही. माझी निवड झाली. घरी सगळे आनंदानं रडले आणि मी न्हाणीत जाऊन एकटा रडलो.

पहिल्या पगारात चाकांचे पैसे आणि पेढे घेऊन साताऱ्याला गेलो. पैसे देणं सोपं होतं. काकींनी विचारलं, "चालली का रं चाकं?"

"लय चांगली चालली, काकी."

त्यांनी पेढा हवालदारांच्या फोटोपुढं ठेवला आणि वाकून, फोटोच्या डाव्या बाजूनं, जरा मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलं का? चालली म्हनं!"

त्यानंतर मी वर्षातून एकदा तरी त्यांच्याकडं जात राहिलो. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी चहा पिऊन परत यायचो. चार वर्षांनी काकी गेल्या. सांगण्यासारखं कुणी उरलं नाही.

त्याच हिवाळ्यात मी रजा काढली, चाकं माझ्या सायकलीला चढवली आणि राहिलेल्या दोन फेऱ्या करायला साताऱ्याहून निघालो. पहिल्या दिवशी चाकं इतकी गुमान पळाली, की रस्त्यावर मी एकटा आहे असं वाटेना. रिंग कुठं केसभर लचकली नाही. माझ्या उजव्या पायाचा जोर त्या जाड तारा न बोलता झेलत होत्या. माझं एवढं नेमकं माप पुन्हा कुणी घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, आठव्या फेरीला, परतीच्या चढावर ती चिंच आली आणि मागच्या चाकात वाजलं. टिंग. एकदाच. मी उतरलो, सायकल त्याच बुंध्याला टेकवली, एकेक तार छेडून बघितली. सगळ्या सुरात होत्या. पुन्हा बसून निघालो, पुढं साताऱ्यापर्यंत काही नाही.

जाणकार सांगतात, इतक्या फेऱ्या झालेलं चाक पुन्हा वाजत नाही. मलाही ते कळतं. पण त्यानंतर जितक्या वेळा त्या रस्त्यानं गेलो, तितक्या वेळा चिंचेपाशी ते वाजलं आहे, आणि माझी मान आपोआप डावीकडं कलली आहे. आता फेऱ्यांचा हिशेब सोडून दिला आहे. चाकं माझ्या घरात भिंतीला टांगलेली असतात. बघणारे विचारतात, एवढी सुरेख चाकं, तुमचीच का? मी म्हणतो, नाही. अजून बोलतायत. हवालदारांनी मला दिलेली नाहीत.